रंग चिकटवणारी वीज आणि आजींचा दमा

खेड तालुक्यातील महाळुंगे गाव आज चाकण औद्योगिक पट्ट्याचा भाग झाले आहे. वाहनांच्या सुट्या भागांच्या या परिसरात ‘पावडर कोटिंग’ हा शब्द कामगारांच्या घरोघरी परिचित आहे. रंगाच्या कोरड्या भुकटीला फवारताना विद्युत्‌भार दिला जातो. अर्थिंग केलेल्या लोखंडी भागाकडे ती भुकटी ओढली जाते, त्याला चिकटते आणि पुढे भट्टीत वितळून तिचा एकसंध थर बनतो. बालपणी केसांवरून फिरवलेल्या कंगव्याने आपण कागदाचे कपटे उचलत असू, तीच ही स्थिर वीज.

कारखान्यात उपकारक ठरणारी हीच वीज घरातील दम्याच्या रुग्णाला मात्र नकळत अपाय करू शकते.

तोंडाने ओढण्याचा फवारा, म्हणजे इनहेलर, 1956 मध्ये बाजारात आला. त्यातील औषध फुफ्फुसात खोलवर जावे यासाठी त्याचे कण साधारण 1 ते 5 मायक्रॉन आकाराचे असावे लागतात. फवारा घेणे आणि श्वास ओढणे यांचा मेळ साधणे वृद्धांना व बालकांना कठीण जाते. म्हणून मध्ये स्पेसर नावाची पोकळ नळी लावतात. बहुतेक स्पेसर प्लास्टिकचे असतात आणि प्लास्टिकवर भार साठून राहतो. इनहेलरच्या छिद्रातून वेगाने बाहेर पडणाऱ्या कणांवरही भार असतो. परिणामी औषधाचा मोठा अंश नळीच्या भिंतीला चिकटतो आणि श्वासाबरोबर थोडेच आत जाते. आजींना वाटते, औषध लागू पडत नाही. वास्तविक ते त्यांच्यापर्यंत पुरेसे पोहोचलेलेच नसते.

येथे आपल्या टापटिपीचीच अडचण होते. मायेने कोणी रोज कोरड्या फडक्याने स्पेसर लख्ख पुसतो. त्या घासण्याने भार आणखी वाढतो.

उपाय स्वयंपाकघरातच आहे. नवा स्पेसर वापरण्यापूर्वी आणि पुढे साधारण महिन्यातून एकदा, कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे काही थेंब टाकून त्यात तो बुडवावा. आतून घासू नये, साध्या पाण्याने खळबळूनही घेऊ नये. साबणाचा अतिशय पातळ थर राहिला, तरच भार साठण्यास आळा बसतो. केवळ तोंडाला लागणारा भाग पाण्याने धुवावा. मग पाणी झटकून हवेवर वाळू द्यावे. फडके लावू नये. 1999 मध्ये ‘युरोपियन रेस्पिरेटरी जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात साबणाने धुतलेल्या स्पेसरमधून फुफ्फुसात पोहोचणारे औषध लक्षणीय वाढल्याचे दिसले. धातूचे अथवा भार न साठणाऱ्या प्लास्टिकचे स्पेसरही मिळतात. सिप्लाच्या ‘झीरोस्टॅट’च्या नावातच त्याचा हेतू आहे. आपल्या स्पेसरसोबतचे सूचनापत्रक मात्र अवश्य वाचावे.

एका वेळी एकच फवारा मारावा आणि लगेच सावकाश श्वास घ्यावा. विलंब झाला की कण भिंतीवर बसतात.

वाचकहो, औषध निकामी आहे, मात्रा वाढवली पाहिजे, असे स्वतःच ठरवण्यापूर्वी आज घरातला स्पेसर हाती घ्या. डॉक्टरांकडे जाताना तोही सोबत न्या आणि वापरून दाखवा. ज्येष्ठांच्या सेवेत मायेइतकीच जाणतेपणाचीही गरज असते.