बहिष्काराचे हत्यार कोणाच्या हाती?

बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्या लोकांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या वस्त्यांतील कित्येक घरांतल्या वडीलधाऱ्यांनी तो गावी सोसला आहे. पाणवठ्यावर हक्क सांगितला, मेलेली ढोरे ओढायचे नाकारले, की सारा गाव एक होई. वाण्याचे दुकान बंद, दळण बंद, शेतावरची मजुरी बंद!

म्हणूनच १९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह जो मसुदा मांडला, त्यात अशा बहिष्काराला गुन्हा ठरवण्याची मागणी होती. त्यासाठी त्यांनी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला. २०१५ च्या दुरुस्तीने ॲट्रॉसिटी कायद्यातही सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा गुन्हा म्हणून नोंदला गेला.

मग परदेशातले एखादे सरकार माणसांवर जुलूम करीत असेल, तर जगाने त्याच्याशी व्यापार तोडावा काय? आमचे म्हणणे असे, की झळ कोणाला बसते आणि मागणी कोणाची आहे, हे आधी पाहावे.

दक्षिण आफ्रिकेने १९४६ मध्ये कायदा करून हिंदी लोकांनी कोठे जमीन घ्यावी, कोठे राहावे यावर बंधने घातली. गावकुसाबाहेरची वस्ती आपल्याला काय नवी? त्याच वर्षी जुलैमध्ये भारताने त्या देशाशी व्यापार तोडला. असे करणारा हा पहिला देश. पुढे १९५९ मध्ये अल्बर्ट लुथुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साऱ्या जगाला बहिष्काराची हाक दिली. झळ आमच्या लोकांनाही लागेल, पण ती सोसायची आमची तयारी आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. १९७४ मध्ये आपला संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यालाही गेला नाही. १९९४ मध्ये काळ्या माणसाने मत दिले आणि मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. लढा तिथल्या जनतेचाच होता. बहिष्काराने त्याला बळ दिले.

इराकची गोष्ट उलटी. ऑगस्ट १९९० पासून संयुक्त राष्ट्रांनी त्या देशाची नाकेबंदी केली. सद्दामची गादी हलली नाही, पण गरिबाच्या घरातले अन्न आणि औषध संपले. तिथले मदतकार्य पाहणारे संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये निषेध म्हणून राजीनामा दिला.

आता ब्रह्मदेश, म्हणजे म्यानमार. २००३ मध्ये अमेरिकेने तिथला माल बंद केला. कपड्यांचे कारखाने बंद पडले, हजारो मुलींचा रोजगार गेला; लष्कर जागच्या जागी राहिले. अंधेरीच्या सीप्झमध्ये परदेशी ऑर्डर थांबली, तर आधी कोणाच्या घरची चूल थंडावते, हे आपल्या भगिनींना सांगायला नको. २०२१ च्या लष्करी उठावानंतर मात्र अमेरिका, ब्रिटन आणि युरोपीय संघाने सेनाधिकाऱ्यांवर आणि लष्कराच्या कंपन्यांवर नेम धरला. ही वाट अधिक न्यायाची. देश बौद्धांचा आहे म्हणून २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात पळवून लावणाऱ्या लष्कराला आपण पाठीशी घालू नये.

टीव्हीवर 'निर्बंध' हा शब्द ऐकला, की मुलांना जवळ बसवून दोन प्रश्न विचारा: हे तिथल्या पीडितांनी मागितले आहे काय? आणि यातून जुलूम करणाऱ्याची तिजोरी बंद होते, की गरिबाचे दळण?