कोंब आलेले बेणे

नेवासे तालुक्यातले आमचे घोडेगाव म्हणजे कांद्याच्या बाजाराचे गाव. चाळीतल्या कांद्याला कोंब फुटला की इथे शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण भाव गेला. बटाट्याच्या बेण्याचे नेमके उलटे. कोंब नसेल तर लावूच नये. हे मला एक हंगाम घालवून कळले.

दसरा झाला आणि शीतगृहातून आलेले बेणे मी त्याच दिवशी चिरले, परसातल्या काळ्या मातीत पुरले, वर भरपूर पाणी दिले. तीन आठवड्यांनी उकरून पाहिले तर हाताला चिखल आणि कुजका वास. सात-आठ रोपे तेवढी उभी राहिली. बेणे चांगले होते, घाई माझी होती.

बटाटा हे बी नव्हे, मूळही नव्हे. ते जमिनीत फुगलेले खोड. उसाच्या कांडीवर असतात तसेच त्याचे डोळे. काढणीनंतर ते दोन-अडीच महिने झोपलेले असतात आणि शीतगृहात दोन ते चार अंशांत ही झोप आणखी लांबते. म्हणून बाहेर काढलेले बेणे पडवीत एका थरात पसरावे. उजेड हवा, ऊन नको. दहा-पंधरा दिवसांत आखूड, जाड, हिरवट कोंब येतात. अंधारात ठेवाल तर लांब, पांढरे, हात लावताच मोडणारे. पेरू देशातल्या लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने लहान शेतकऱ्यांना बेणे साठवण्यासाठी हीच मंद उजेडाची पद्धत शिकवली.

शेंड्याचा डोळा आधी फुटतो आणि बाकीच्यांना दाबून ठेवतो. तो खुडला की इतर जागे होतात. अंड्याएवढा बटाटा अख्खाच लावावा. मोठा असेल तर उभा चिरावा, प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे यावेत, आणि काप सावलीत दोन दिवस सुकू द्यावा. आमच्याकडे काही जण राख चोळतात. मी नुसता वाळवतो.

स्वयंपाकघरातला कोंबाळलेला बटाटा लावू का, असे पुष्कळ जण विचारतात. उगवेल, पण मावा किडीने पसरवलेले विषाणू बटाट्यात दडलेले असतात आणि वरून दिसत नाहीत. पंजाबात थंडीत मावा कमी असताना बेण्याचे पीक घेतात व मावा वाढण्याआधी पाला कापून टाकतात. पुणे जिल्ह्यातील मंचरच्या बाजारात पंजाबचे बेणे येते ते त्यामुळेच.

आपल्याकडे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य, रात्री गार होऊ लागल्यावर लावावे. उकाड्याच्या रात्रीत नुसता पाला माजतो, बटाटा धरत नाही. जमीन वाफशावर असावी, चिखल नसावा. दोन सऱ्यांत दोन फूट, दोन बेण्यांत वीतभर अंतर, कोंब वर, माती तीन बोटे. महिन्याने मातीची भर द्यावी; बटाटे खोडापासून निघालेल्या धुमाऱ्यांच्या टोकाला धरतात, उघडे पडले तर हिरवे होतात. हिरव्या भागात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते, तो खाऊ नये.

तीन महिन्यांच्या सुमारास पाला पिवळा पडला की पाणी तोडावे. दहा दिवसांनी एक बटाटा उकरून अंगठ्याने साल चोळून पाहावी. साल निघाली तर आणखी आठवडाभर थांबावे.