एक भाषा, दोन वकिलाती

दोन राष्ट्रें एकमेकांच्या राजधानींत वकील ठेवतात, तीं एकमेकांना परकीं असतात म्हणून. भाषा निराळी, कायदा निराळा, रीतिरिवाज निराळे. तेव्हां एकाचें म्हणणें दुसऱ्याला समजावून सांगणारा कोणी तरी मध्यें असावा लागतो. पण जेथें दुभाष्याची गरजच नाहीं, एका राजधानींतील वर्तमानपत्र दुसरींतील मनुष्य न अडखळतां वाचूं शकतो, तेथें वकिलाचें काम काय? ऑस्ट्रिया आणि जर्मनी या दोन शेजाऱ्यांच्या इतिहासांत या प्रश्नाचें उत्तर सांपडतें.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, १८०६ पर्यंत व्हिएन्ना आणि बर्लिन हीं दोन्ही शहरें नांवाला एकाच साम्राज्यांत मोडत. पवित्र रोमन सम्राटाचें पद बहुधा व्हिएन्नाच्या हॅब्सबर्ग घराण्याकडे असे. बर्लिनचा होहेनझोलर्न राजा हा ब्रांडेनबर्गचा इलेक्टर, म्हणजे सम्राटाला निवडून देणाऱ्या मोजक्या मानकऱ्यांपैकीं एक. बर्लिनचा वकील व्हिएन्नास जाई, तो एका अर्थीं आपल्या धन्याच्याहि धन्याकडे जाई. पण १७०१ मध्यें इलेक्टरनें प्रशियाचा राजमुकुट धारण केला, आणि हा वडीलपणाचा मान हळूहळू शिष्टाचारापुरता उरला. १७४० च्या डिसेंबरांत दुसऱ्या फ्रेडरिकनें सायलेशिया प्रांतांत फौज घातली. फौज सरहद्द ओलांडीत होती त्याच सुमारास त्याचा वकील मारिया थेरेसाच्या राजधानींत अटी घेऊन दाखल झाला. सायलेशिया आम्हांस द्या, म्हणजे तुमच्या बाकीच्या मुलखाच्या रक्षणास आम्ही मदत करूं, असा त्या अटींचा आशय होता. मारिया थेरेसानें त्या साफ नाकारल्या. येथून पुढें सव्वाशें वर्षें या दोन दरबारांत चढाओढ चालली.

वकिलांच्या मानपानाचे नियम ठरले तेहि व्हिएन्नासच. त्यापूर्वीं कोणाची गाडी पुढें जावी यावरून वकिलांच्या नोकरांत भर रस्त्यांत मारामाऱ्या होत. नेपोलियनच्या पाडावाच्या वेळीं भरलेल्या परिषदेनें १९ मार्च १८१५ रोजीं वकिलांचे तीन वर्ग ठरविले. पहिल्या वर्गांतील राजदूत हा प्रत्यक्ष आपल्या राजाचा प्रतिनिधि मानला जाई. त्याच्या खालीं दुसऱ्या वर्गाचे वकील, आणि सर्वांच्या खालीं केवळ कारभार पाहणारे. एकाच वर्गांतील वकिलांचा क्रम मात्र त्यांच्या धन्याच्या बळावरून न ठरतां, ते दाखल झाल्याची वर्दी ज्या दिवशीं दिली गेली त्या तारखेवरून ठरावा, असा नियम झाला. तारखेनें क्रम लावण्याचें हें तत्त्व १९६१ च्या व्हिएन्ना करारानेंहि कायम ठेवलें. प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांचे एकमेकांकडील वकील त्या काळीं दुसऱ्या वर्गाचे असत.

त्याच परिषदेनें जर्मन राज्यांचा एक संघ बनविला, आणि फ्रँकफुर्ट येथील त्याच्या सभेचें अध्यक्षपद ऑस्ट्रियाला दिलें. १८५१ मध्यें प्रशियाचा प्रतिनिधि म्हणून तेथें बिस्मार्क आला. त्यानेंच पुढें सांगितलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. सभेच्या बैठकींत सिगार ओढण्याचा हक्क रूढीनें एकट्या ऑस्ट्रियन अध्यक्षाचा समजला जाई. एके दिवशीं बिस्मार्कनें आपला सिगार काढला आणि तो पेटविण्यास खुद्द अध्यक्षांजवळच विस्तव मागितला. मग इतर राज्यांचे प्रतिनिधीहि एकामागून एक ओढूं लागले. ज्यांना धूर सोसत नव्हता त्यांनाहि आपल्या राज्याच्या इभ्रतीसाठीं तो सोसावा लागला! गोष्ट थट्टेची खरी. पण जर्मन भाषिकांत वडीलकी कोणाची, हा त्यामागचा प्रश्न थट्टेचा नव्हता.

त्या प्रश्नाचा निकाल १८६६ मध्यें रणांगणावर लागला. ३ जुलै रोजीं क्योनिगग्रेट्झ येथें ऑस्ट्रियाचा पराभव झाला. अशा वेळीं वकिलाचा उपयोग काय तें दोन माणसांच्या चरित्रांवरून दिसतें. काउंट कारोयी हा १८५९ पासून बर्लिनमध्यें ऑस्ट्रियाचा वकील होता. युद्ध सुरू होतांच त्याला बर्लिन सोडावें लागलें. पण २६ जुलैला निकोल्सबर्ग येथें तहाच्या प्राथमिक अटींवर ऑस्ट्रियाच्या वतीनें सही करणाऱ्यांत तोच होता. व्हिएन्ना येथील प्रशियाचा वकील वेर्टर यानें २३ ऑगस्टला प्रागच्या तहावर सही केली, आणि पुढें १८६९ पर्यंत व्हिएन्ना येथेंच काम केलें. तलवार म्यान झाल्यावर बोलणीं सुरू करावयाचीं तीं ओळखीच्या माणसांनींच केलेलीं बरीं, हें दोन्ही दरबारांना कळत होतें.

१८७१ मध्यें जर्मन साम्राज्य स्थापन झालें. ऑस्ट्रिया त्याच्या बाहेर राहिली, आणि नेमक्या याच वेळीं दोन्हीकडील वकिलांचा दर्जा वाढून ते पहिल्या वर्गाचे राजदूत झाले. कारोयी राजदूत म्हणून पुन्हा बर्लिनला आला. ज्या दिवशीं ऑस्ट्रिया जर्मन राज्यांच्या घरांतून कायमची बाहेर पडली, त्याच दिवसापासून तिच्या वकिलाला पूर्ण मान मिळूं लागला. पुढें ७ ऑक्टोबर १८७९ रोजीं व्हिएन्नास दोन्ही साम्राज्यांचा संरक्षणाचा तह झाला. जर्मनीच्या बाजूनें त्यावर राजदूत प्रिन्स रॉइस यानें सही केली.

शत्रुत्वांत वकिलाची कसोटी लागते तशी ती अतिस्नेहांतहि लागते. २८ जून १९१४ रोजीं साराएव्हो येथें युवराज फ्रान्झ फर्डिनांड याचा खून झाला. व्हिएन्ना येथील जर्मन राजदूत चिर्श्की यानें प्रथम ऑस्ट्रियन मंत्र्यांना उतावळेपणा न करण्याचा सल्ला दिला, आणि ३० जूनला तसें बर्लिनला कळविलें. त्या पत्राच्या समासांत कैसरनें रागानें शेरा मारला कीं, याला हा अधिकार कोणी दिला? त्यानंतर चिर्श्कीचा सूर पालटला. ५ जुलैला ऑस्ट्रियाचा राजदूत सोग्येनी, जो २२ वर्षें बर्लिनमध्यें होता, त्यानें पॉट्सडॅम येथें आपल्या सम्राटाचें पत्र कैसरच्या हातीं दिलें. आणि ऑस्ट्रिया जें करील त्याला जर्मनीचा पाठिंबा राहील, असें आश्वासन त्याला मिळालें. इतिहासांत याला ‘कोरा चेक’ असें नांव पडलें. सबुरीचा शब्द उच्चारणारा वकील गप्प बसविला गेला, आणि महिना संपण्यापूर्वींच युद्धाला तोंड लागलें.

त्या युद्धांत दोन्ही साम्राज्यें बुडालीं. १२ नोव्हेंबर १९१८ रोजीं व्हिएन्ना येथें प्रजासत्ताकाची घोषणा झाली, आणि हें राज्य जर्मन प्रजासत्ताकाचाच एक भाग आहे असेंहि त्याच घोषणेंत म्हटलें होतें. बर्लिनला वकील म्हणून गेला तो लुडो हार्टमान हा इतिहासकार. दोन्ही देशांचें ऐक्य व्हावें असा त्याचा आग्रह होता. म्हणजे काम सिद्धीस गेलें असतें तर त्याचें स्वतःचें पदच उरलें नसतें. पण १९१९ च्या व्हर्साय व सँ जर्मँ येथील तहांनीं, राष्ट्रसंघाच्या संमतीवांचून असें ऐक्य होऊं नये, असें बंधन घातलें.

पुढें जें घडलें तें अधिक दुःखद आहे. जुलै १९३४ मध्यें व्हिएन्ना येथील नाझींनीं चॅन्सलर डॉल्फुस याचा खून केला. बंडवाल्यांना सुखरूप जाऊं देण्याच्या वाटाघाटींत जर्मन वकील रीट हा पडला, म्हणून हिटलरनें त्याला परत बोलाविलें आणि फॉन पापेनला पाठविलें. ११ जुलै १९३६ च्या करारानें जर्मनीनें ऑस्ट्रियाचें स्वातंत्र्य कागदावर मान्य केलें. हा करार घडवून आणणारा पापेनच, आणि १२ फेब्रुवारी १९३८ रोजीं चॅन्सलर शुश्निगला हिटलरच्या भेटीस बर्खटेसगाडेनला नेणाराहि तोच. तेथें शुश्निगला धमक्या देऊन अटी मान्य करविल्या गेल्या. एका महिन्याच्या आंत, १२ मार्चला, जर्मन फौजा ऑस्ट्रियांत शिरल्या. १३ मार्चच्या कायद्यानें तो देशच नाहींसा झाला. मग बर्लिनमध्यें ऑस्ट्रियाचा वकील उरला नाहीं, आणि व्हिएन्नांत जर्मनीला वकिलाची जरूरच राहिली नाहीं. एक भाषा बोलणाऱ्या दोन लोकांमधली भिंत पडली असें ज्यांना त्या दिवशीं वाटलें, त्यांच्या लक्षांत हें आलें नाहीं कीं, आतां व्हिएन्नाच्या वतीनें ‘नाहीं’ म्हणणारा कोणी शिल्लक नव्हता.

ऑस्ट्रियाला पूर्ण स्वातंत्र्य परत मिळालें तें १५ मे १९५५ च्या तहानें. जर्मनीशीं पुन्हा एक होण्यास त्या तहाच्या चौथ्या कलमानें मनाई केली. त्याच वर्षीं पश्चिम जर्मनीशीं वकिलातींचा संबंध सुरू झाला. १९७२ मध्यें पूर्व जर्मनीलाहि ऑस्ट्रियानें मान्यता दिली. त्यामुळें १९९० पर्यंत तिला बॉन आणि पूर्व बर्लिन अशा दोन ठिकाणीं जर्मन भाषेंतच, पण दोन निराळ्या सरकारांशीं बोलावें लागलें. जर्मनीचें एकीकरण झाल्यावर बर्लिन पुन्हा राजधानी झाली, आणि हान्स होलाइन या व्हिएन्नाच्या वास्तुशिल्पज्ञानें आंखलेली ऑस्ट्रियाची नवी वकिलात २००१ मध्यें तेथें उघडली. १९९५ पासून दोन्ही देश युरोपीय संघांत आहेत, आणि दोघांचें चलनहि एकच आहे.

इतकें साम्य असूनहि वकिलाती उठून गेल्या नाहींत, यांतच आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर आहे. भाषेचा अर्थ सांगण्यासाठीं या दोघांना वकील कधींच लागला नाहीं. शेजारी आपली भाषा बोलतो, तरी त्याचें घर निराळें आहे, आणि त्या घरांत जावयाचें तें दार ठोठावून जावयाचें, ही मर्यादा जिवंत ठेवण्यासाठीं तो लागतो. ती मर्यादा सुटली म्हणजे काय होतें, तें १९३८ नें दाखविलें आहे.