कायम निधीतून शिष्यवृत्ती : कलकत्त्याच्या वकिलांनी घालून दिलेला पायंडा

वकिलीत नाव मिळविलेल्या व्यक्तीने आपल्या विद्यापीठाला किंवा महाविद्यालयाला मोठी रक्कम द्यावी, त्या रकमेच्या व्याजातून दरवर्षी विद्यार्थ्यांना वृत्ती मिळावी आणि मुद्दल मात्र कायम राहावे, ही पद्धत आपल्याकडे आता परिचयाची आहे. अशा निधीला कायम निधी अथवा दाननिधी म्हणतात. साध्या देणगीत आणि यात मूलभूत फरक आहे. देणगी खर्च होते व संपते; कायम निधीतील केवळ उत्पन्नच खर्च करता येते. दाता हयात नसताना त्याची इच्छा किती काळ बंधनकारक राहावी, हा प्रश्न त्यामुळे उद्भवतो. तो कायद्याने कसा सोडविला, हे समजण्यासाठी कलकत्ता विद्यापीठाचा इतिहास उपयुक्त ठरतो.

सदर दिवाणी अदालतीतील सरकारी वकील प्रसन्नकुमार टागोर १८६८ साली निवर्तले. मृत्युपत्राने त्यांनी कलकत्ता विद्यापीठास तीन लाख रुपये दिले व त्यातून कायद्याचे 'टागोर अध्यासन' निर्माण झाले. त्याच मृत्युपत्रात त्यांनी ख्रिस्ती झालेले आपले पुत्र ज्ञानेंद्रमोहन यांना वारशातून वगळले आणि इस्टेट पुतणे जतींद्रमोहन व त्यांच्यामागून पुरुष वंशजांकडे पिढ्यान्‌पिढ्या जावी, अशी तरतूद केली. ज्ञानेंद्रमोहन स्वतः बॅरिस्टर. बॅरिस्टर झालेले ते पहिले भारतीय होत. त्यांनी दावा लावला. १८७२ साली प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला की, हिंदू कायद्यास अपरिचित असा वारसाक्रम कोणालाही खाजगीरीत्या निर्माण करता येत नाही व अद्याप जन्मास न आलेल्या व्यक्तीस दान देता येत नाही. जतींद्रमोहनांच्या हयातीनंतर इस्टेट पुत्राकडे जावयाची, असे ठरले. एकाच दात्याने कुटुंबासाठी बांधलेली साखळी अशी तुटली. विद्येसाठी दिलेला निधी मात्र अबाधित राहिला.

हा योगायोग नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील कलम १४ नुसार हयात व्यक्तींचे आयुष्य व त्यानंतरच्या लाभार्थीचे अज्ञानत्व यांच्या मर्यादेपलीकडे मालमत्ता अडकवून ठेवता येत नाही. परंतु कलम १८ या बंधनातून लोकहितार्थ केलेली दाने वगळते. धर्म, ज्ञान, व्यापार, आरोग्य, सुरक्षितता यांच्या अभिवृद्धीसाठी दिलेली मालमत्ता कायमची बांधता येते. नातवाच्या नातवासाठी जे करता येत नाही, ते गावच्या शाळेतील अनोळखी मुलासाठी करता येते! कायद्याचे हे औदार्य पुष्कळांना ठाऊक नसते.

टागोर अध्यासनावरून १८७५-७६ साली गहाणाच्या कायद्यावर व्याख्याने देणारे रासबिहारी घोष हे त्याच विद्यापीठाचे पदवीधर. महाराष्ट्रातील वाचकांना ते १९०७ च्या सुरत काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून अधिक आठवतील. लोकमान्य टिळक व्यासपीठावर उभे राहिले आणि अधिवेशन उधळले, ते हेच अधिवेशन. त्यांच्या हाताखाली वकिलीची उमेदवारी केलेले आशुतोष मुखर्जी यांनी १८९८ साली टागोर अध्यासनावरून व्याख्याने दिली. विषय होता मालमत्ता चिरकाल बांधून ठेवण्याविरुद्धचा नियम. मुखर्जी पुढे कुलगुरू झाले. बॅरिस्टर तारकनाथ पालित यांनी १९१२ साली सुमारे पंधरा लाखांची मालमत्ता विद्यापीठास दिली होती. पाठोपाठ १९१३ साली रासबिहारींनी दहा लाख रुपये दिले.

रासबिहारींचे दान कायद्याच्या शिक्षणासाठी नव्हते, हे विशेष. उपयोजित गणित, पदार्थविज्ञान, रसायन व कृषिसंबद्ध वनस्पतिशास्त्र यांची चार अध्यासने आणि त्यांना जोडून संशोधक विद्यार्थ्यांसाठी वृत्त्या अशी त्याची रचना होती. प्राध्यापक भारतीयच असावा, ही अट होती. आज ती संकुचित वाटेल. परंतु वरिष्ठ शैक्षणिक पदे बहुतांशी युरोपियनांकडे जाण्याच्या त्या काळात तिच्यावाचून दानाचा हेतू साधला नसता, असे आम्हांस वाटते. वनस्पतिशास्त्राच्या घोष अध्यासनावर मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांची निवड झाली. अध्ययनासाठी ते जर्मनीस गेले असता पहिले महायुद्ध सुरू झाले व त्यांना तेथेच अडकून पडावे लागले. १९४६ साली पुण्यात सुरू झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे ते संस्थापक-संचालक. ही संस्था आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. बंगाली वकिलाच्या दानाचे एक फळ असे महाराष्ट्राच्या पदरात पडले.

आपल्या तालुक्यातील महाविद्यालयात किंवा शाळेत माजी विद्यार्थ्याने निधी देऊ केला, तर काय पाहावे? प्रथम दानपत्र. मुद्दल, व्याजाचा विनियोग, निवड समिती व तीत दात्याच्या कुटुंबाचे स्थान हे त्यात स्पष्ट हवे. 'अमुक गावच्या, अमुक आडनावाच्या, अमुक विषयात प्रथम आलेल्या' अशी अट घातली की, काही वर्षांनी पात्र विद्यार्थीच सापडत नाही. अशा वेळी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० (पूर्वीचा मुंबई अधिनियम) याच्या कलम ५५ खाली न्यायालयाच्या आदेशाने मूळ हेतूशी निकटचा दुसरा उपयोग ठरविता येतो; पण तो मार्ग लांबचा. 'तसा विद्यार्थी न मिळाल्यास अन्य गरजू विद्यार्थ्यास' ही एक ओळ मुळातच लिहिली तर पुढची यातायात वाचते.

दुसरी बाब महागाईची. पन्नास हजारांवर सहा टक्क्यांनी वर्षाला तीन हजार रुपये मिळतात. वार्षिक शुल्क तीन हजार असताना ही वृत्ती पूर्ण आधार ठरते. शुल्क बारा हजार झाले की, तीच चौथ्या हिश्शावर येते. अनेक जुन्या शिष्यवृत्त्या आज केवळ फलकावर उरल्या आहेत, त्याचे मुख्य कारण हेच. यास्तव व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात मिळविण्याची तरतूद दानपत्रातच असावी, आणि निधीचा जमाखर्च संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात मिसळू न देता स्वतंत्र ठेवून वार्षिक सभेपुढे मांडला जावा.