अंगावरचं मांस उतरतंय? आधी काट्यावर उभे राहा

एरवी मी या पानावर घाटेअळी अन् खतांच्या मात्रांबद्दल लिहितो. आज जरा वेगळ्या नुकसानीबद्दल सांगायचं आहे.

तूर काढणीच्या वेळी एका काकांच्या खळ्यावर गेलो होतो. सदरा खांद्यावरून ओघळत होता. "काका, तब्येत फार उतरली की!" म्हटलं. "कष्टाचं काम हाय साहेब, माणूस वाळणारच." शेजारी धान्याचा काटा होता, त्यावरच त्यांना उभं केलं. 43 किलो! दिवाळीआधी याच काट्यावर 52 भरले होते म्हणे. खोकला महिनाभराचा. थुंकी तपासली, क्षयरोग निघाला.

पीक पिवळं पडलं की आपण पान खुडून कृषी केंद्राच्या दुकानात धावतो. माणूस वाळला तर मात्र 'कामानं झिजला' म्हणून सोडून देतो. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, किंवा कारण नसताना वजन घटणं, यातलं काहीही असेल तर सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. तपासणी व औषध दोन्ही फुकट आहे.

औषध सहसा सहा महिने चालतं. गोळ्या किती, हे वजनावरून ठरतं. म्हणून दर महिन्याला वजन करावं. लघवी नारिंगी होते ती गोळीमुळं, घाबरू नये. दोन महिन्यांत अंग भरतं, बरं वाटतं, अन् इथंच पुष्कळजण गोळ्या सोडतात. अर्धवट फवारणीनं अळी जशी निबर होते, तसा जंतूही मग औषधाला दाद देत नाही.

आता खाण्याचं. झारखंडच्या चार जिल्ह्यांत 2019 पासून सुमारे 2,800 रुग्णांना औषधासोबत दरमहा शिधा दिला गेला. 2023 साली निष्कर्ष छापून आले. पहिल्या दोन महिन्यांत वजन 5 टक्के वाढलं, तर मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी दिसला. आमच्या काकांच्या हिशोबानं 5 टक्के म्हणजे दोन किलोच्या थोडं वर, फार नव्हे! ज्या घरांत बाकीच्या माणसांनाही शिधा मिळाला, तिथं नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी घटलं.

आपल्याकडे मात्र पथ्याच्या नावाखाली दही, केळी, अंडी बंद! भुईमूग, हरभरा बाजारात, दूध डेअरीला, अन् आजारी माणसापुढं पातळ पेज. असं करू नका. एकदम जात नसेल तर थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून. दारू-तंबाखू तेवढी बंद. ताट वेगळं काढायची गरज नाही. हा रोग हवेतून पसरतो, तेव्हा खिडकी उघडी अन् खोकताना तोंडावर रुमाल.

सरपंच अन् ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनो, निक्षय पोषण योजनेत 2018 पासून दरमहा 500 रुपये मिळत होते, नोव्हेंबर 2024 पासून 1,000 झाले. पैसे थेट खात्यावर येतात. काकांचे अडकले, कारण खातं आधारशी जोडलेलंच नव्हतं. गावातल्या रुग्णांची खाती एकदा आशाताईंबरोबर बसून तपासा. 'निक्षय मित्र' होऊन शिधा देण्याची सोयही 2022 पासून आहे, सोसायटी किंवा तरुण मंडळालाही ती घेता येते.

काकांचा चौथा महिना संपला. परवा त्याच काट्यावर 49 किलो भरले. सदरा अजून थोडा सैलच आहे.