उपचारानं दिवस राहिले, तर बीपीवर लक्ष हवं

साकोली किंवा लाखांदूरकडचं जोडपं मूल व्हावं म्हणून आयव्हीएफ करायला निघालं, की शंभरेक किलोमीटरवरचं नागपूर गाठतं. दिवस राहिल्यावर नाव नोंदवलं जातं ते मात्र गावच्या उपकेंद्रात. तिथं आशाताईंपुढं, सिस्टरपुढं ‘टेस्ट ट्यूब’चा विषय काढायला घरचे कचरतात. लोक काय म्हणतील ही भीती खरी आहे, पण लपवणं बाईच्या जिवावर बेतू शकतं. आयव्हीएफच्या गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा आणि त्यातून प्रीएक्लॅम्पसिया (बीपी वाढून लघवीतून प्रथिन जाण्याचा गर्भारपणातला आजार) होण्याचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो.

त्याचं एक कारण अंडाशयात आहे. स्त्रीबीज बाहेर पडलं की त्या जागी पीतपिंड तयार होतो. तो प्रोजेस्टेरॉन देतो, तसंच रिलॅक्सिनही सोडतो. आईच्या रक्तवाहिन्या सैलावायला हे रिलॅक्सिन मदत करतं. गोठवलेला भ्रूण गर्भाशयात सोडताना अनेकदा गोळ्या देऊन अस्तर तयार करतात. त्या महिन्यात बीज सुटत नाही, म्हणून पीतपिंडही नसतो. प्रोजेस्टेरॉन बाहेरून देता येतं, रिलॅक्सिन मात्र मिळत नाही. अशा चक्रांत प्रीएक्लॅम्पसिया जास्त आढळतो, पाळीच्या नैसर्गिक चक्रात कमी. रिलॅक्सिन नसण्याचा याच्याशी संबंध असावा असा संशोधकांचा तर्क आहे आणि मला तो पटतो. पाळी नियमित असेल तर नैसर्गिक चक्र चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

२०१६ मध्ये चीनमधल्या पीसीओएस हा अंडाशयाचा विकार असलेल्या दीड हजार स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोठवलेल्या भ्रूणानं बाळं जास्त जन्मली, अंडाशय सुजण्याचा त्रासही घटला. प्रीएक्लॅम्पसिया मात्र ताज्या भ्रूणाच्या गटात १.४ टक्के, तर गोठवलेल्याच्या गटात ४.४ टक्के होता. म्हणजे शंभरातल्या पंचाण्णवांना तो झालाच नाही. घाबरून उपचार सोडण्याचं कारण नाही. जुळं, वाढलेलं वय, दात्या स्त्रीचं बीज यांनी धोका वाढतो. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलही त्यात भर घालतो.

म्हणून पहिल्याच तपासणीला नागपूरची फाइल सोबत न्यावी. धोका जास्त असलेल्या स्त्रियांना सोळाव्या आठवड्याआधी कमी मात्रेचं ॲस्पिरिन सुरू करतात. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत त्यानं ३७ आठवड्यांपूर्वी प्रसूती करावी लागणारा प्रीएक्लॅम्पसिया साठ टक्क्यांहून अधिक घटला. ही गोळी डॉक्टरांनी सांगितल्यावरच घ्यायची. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, ती चुकवू नये. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याहून वर गेला तर लघवीतलं प्रथिन तपासावंच लागतं. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं काजवे चमकतात, बरगडीखाली दुखतंय, तर ९ तारखेची वाट न पाहता लगेच १०८ ला फोन करावा.

बाळ जन्मलं की धोका टळला, असं घरी समजतात. प्रीएक्लॅम्पसियामुळं येणारे झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात, विशेषतः पहिल्या आठवड्यात. बाळंतीण माहेरी गेली तरी फाइल आणि बीपीच्या गोळ्या तिच्यासोबत जाव्यात, आणि सहा आठवडे तिथल्या उपकेंद्रात बीपी मोजला जावा.