चूक नव्हतीच ती

पेटीवर सा आणि शुद्ध रे एकदम दाबून धरा. कान कुरकुरतात. ईशान्य लिथुआनियातल्या बायका मात्र पिढ्यान्‌पिढ्या याच टकरीवर गात आल्या. एका प्रकारात तिघीजणी गातात. एकीमागून दुसरी शिरते, तिसरी आली की पहिली थांबते. म्हणजे कुठल्याही क्षणी दोन गळे, दोन सुरावटी आणि दोन वेगळे शब्द एकमेकांवर आदळत असतात. या गाण्यांना सुतार्तिनेस म्हणतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आडोल्फास साबाल्याउस्कास या धर्मगुरूने ती टिपायला घेतली, तेव्हा गाणाऱ्या बहुतेक म्हाताऱ्याच उरल्या होत्या. चर्चच्या गोड स्वरमेळावर पोसलेल्या कानाला शंका येणारच: आजीबाईंचा सूर तर ढळत नाही ना?

उत्तर गळ्यात नव्हतं, पाव्यात होतं. त्याच भागातले पुरुष ‘स्कुदुचियाय’ नावाच्या लाकडी नळ्या फुंकत. एका नळीतून एकच सूर निघतो, आणि नळ्या जुळवलेल्या असतात शेजारशेजारच्या सुरांत. गळा घसरेल, कापून ठेवलेली नळी कशी घसरेल? पुढे 1958-59मध्ये लोकसंगीताचे अभ्यासक झेनोनास स्लाव्यूनास यांचे तीन खंड आले. त्यांत 1800हून अधिक सुतार्तिनेस. इतक्या गावांतल्या इतक्या जणी एकच चूक करत होत्या, असं म्हणायची सोय उरली नाही.

संगीतशास्त्रज्ञ रीतिस आंब्राझेविचुस यांनी ध्वनिमुद्रणं मोजली, तेव्हा आणखी गंमत कळली. गाणाऱ्यांचं अंतर पेटीच्या सा-रेपेक्षा किंचित कमी भरतं. दोन सूर असे जवळ आले की आंदोलनं उठतात, आवाज खरखरीत होतो. ती खरखर जास्तीत जास्त उठावी, अशाच जागी त्या बायका सूर ठेवत होत्या. तंबोरा जुळवताना आपण जे घालवतो, तेच त्यांना हवं होतं!

पानेवेझिसजवळच्या मोलाइनियाय गावात 1932मध्ये जन्मलेल्या ब्रोनियुस कुताविचुस या संगीतकाराला हे गाणं संग्रहालयात ठेवायचं नव्हतं. इवलासा स्वरसमूह, त्याची हट्टी आवर्तनं, थरावर थर: गाण्याची चाल नव्हे, घडण त्याने उचलली. सोव्हिएत काळात, 1978मध्ये, कवी सिगितास गेदा यांच्या शब्दांवर त्याने रचलेल्या ‘शेवटचे मूर्तिपूजक विधी’ या कृतीत गाणारे श्रोत्यांभोवती फिरतात आणि शेवटी चर्चचा ऑर्गन त्यांना गिळून टाकतो. ख्रिस्तीकरणाची कथा इतक्या थोड्या साधनांत मी दुसरीकडे ऐकलेली नाही. दोन वर्षांनी आलेलं त्याचं ‘आन्नो कुम तेत्तिगोनिया’ चार तंतुवाद्यांचं. त्यात शब्द नाहीत, गोष्ट नाही. आवर्तनं तेवढी उरली. मला तेच अधिक धीट वाटतं.

गावातली परंपरा तुटली ती तुटलीच. 2010मध्ये युनेस्कोने सुतार्तिनेसना वारसायादीत घेतलं. व्हिल्नियसमध्ये दाइवा राचुनाइते-वीचिनिएने यांचा ‘ट्रीस केतुरिओसे’ हा गट ती गातो. आता शिकणाऱ्यांची अडचण उलटी आहे: शहरी गळा गोड अंतराकडे आपोआप सरकतो, त्याला टकरीवर रोखून धरावं लागतं.